एकच कापूस, दोन कामगार : वऱ्हाडातील आरोग्यविम्याचा हुकलेला इतिहास

१/ खामगावच्या जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळी झालेली रुई गाठ बांधून नागपूर-मुंबईच्या गिरण्यांकडे जाई आणि तेथे तिचे सूत निघे. १९५४ साली कायद्याने या दोन ठिकाणच्या कामगारांमध्ये एक रेघ ओढली. सूत काढणारा आजारी पडला तर त्याला दवाखाना, औषध आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळू लागला. सरकी काढणाऱ्याला यातले काहीच मिळाले नाही. ती रेघ अद्याप पुसली गेलेली नाही. हा दीर्घ धागा तिच्याविषयी आहे.

२/ आरोग्यविम्याची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर पडते : ग्रामीण माणसाला विम्याचे महत्त्व कळत नाही. चर्चासत्रांत यालाच ‘विमासाक्षरतेचा अभाव’ असे भारदस्त नाव मिळते. बुलढाणा जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास समोर ठेवला तर हे वाक्य टिकत नाही. येथील कष्टकऱ्याला विम्याच्या एकामागून एक रचनांनी मोजूनमापून बाहेर ठेवले आणि बाहेर राहिल्याचा दोष पुन्हा त्याच्याच अज्ञानावर टाकला.

३/ पार्श्वभूमी थोडक्यात. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजी कारभाराखाली आला. बुलढाणा त्याचाच भाग. या प्रांताकडून नव्या राज्यकर्त्यांना काय हवे होते, हे कधीच गुपित नव्हते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर साऱ्या व्यापारी जगाची नजर वळली. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा लोहमार्ग कापसासाठीच टाकला गेला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आला होता.

४/ १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा, वजनमापे, दलाली या साऱ्यांचे नियम त्यात आले. भारतातील शेतमाल बाजाराच्या नियमनाचे मूळ अभ्यासक याच कायद्यात शोधतात. म्हणजे कापसाच्या मापात खोट येऊ नये, याची चिंता सरकारला एकोणिसाव्या शतकातच पडली होती. कापूस वाहणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचा विषय मात्र घर, सावकार आणि धर्मादाय दवाखाना यांच्यावर सोपवलेला होता.

५/ ही व्यवस्था किती तोकडी होती ते १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने दाखवले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे देशात सर्वाधिक मृत्युदर नोंदवणाऱ्या प्रांतांपैकी होते. रेल्वेने कापूस बाहेर नेला होता. त्याच रेल्वेने साथ आत आणली.

६/ तिकडे युरोपात एव्हाना एक नवी कल्पना रुजली होती. १८८३ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा सुरू केला. १९११ मध्ये ब्रिटनने तसाच कायदा केला. दोन्हींचा पाया एकच होता : ठरलेला मालक, ठरलेला पगार आणि त्या पगारातून नियमित कपात. ज्याला मालक आहे पण वर्षभर नाही, ज्याला मजुरी आहे पण पगार नाही, अशा माणसाची कल्पना त्या पायात नव्हती. ही उणीव भारतात जशीच्या तशी आयात झाली.

७/ १९४३ हे वर्ष तरुण अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांना त्याच वर्षी देण्यात आले. त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली साऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करणारी समितीही नेमली गेली. एक काम गिरणी कामगारापुरते होते, दुसरे सर्वांसाठी.

८/ भोर समितीचा १९४६ चा अहवाल आज वाचताना आश्चर्य वाटते. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्याचे पहिले तत्त्व. सेवा सर्वांना भेदभाव न करता विनामूल्य द्यावी आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपला वाटा करांतून उचलावा, अशी त्याची शिफारस होती. प्रत्येक रुग्णाकडून हप्ता गोळा करण्याचा मार्ग समितीने धरला नाही, कारण या देशातील बहुसंख्य लोकांना नियमित हप्ता भरता येणार नाही हे उघड होते. त्याऐवजी सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र उभारावे, असे तिने सुचवले.

९/ पुढे काय झाले? प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना कागदावर स्वीकारली गेली, पण तिला लागणारा पैसा कधीच मिळाला नाही. आडारकरांच्या आराखड्यातून मात्र १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मला. १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे त्याची सुरुवात झाली, १९५४ मध्ये तो नागपूर आणि मुंबईत आला. एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांतील कामगारांना प्रथमच आजारपणात हक्काचा आधार मिळाला. स्वतंत्र भारताच्या मोठ्या कर्तबगारींत या कायद्याची गणना व्हायला हवी, याविषयी वाद नाही.

१०/ वाद आहे तो त्यातील एका व्याख्येविषयी. हा कायदा ‘हंगामी कारखान्यांना’ लागू नाही. हंगामी म्हणजे कोणते? कायद्याने यादीच दिली आहे, आणि त्या यादीतील पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे आहे. दुसरे कापूस वा ताग यांच्या प्रेसिंगचे. मग भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर व गूळ, चहा. खामगाव, मलकापूर, शेगाव, नांदुरा या पट्ट्यात त्या काळी ‘कारखाना’ म्हणून जे काही उभे होते, त्याचा बहुतांश भाग या व्याख्येच्या पहिल्या दोन नावांतच संपतो.

११/ येथे एक बारकावा आहे. केवळ जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना वर्षातून किती महिने चालतो, हे त्या यादीत पाहिलेच जात नाही. कामाचे स्वरूप हीच अपात्रता. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. चांगल्या पिकाच्या वर्षी आणखी लांबतो. यंत्रावर कापूस घालणाऱ्या स्त्रिया, गाठी वाहणारे हमाल, हवेत सतत उडणारा तंतू आणि धूळ. फुप्फुसाला जपायला हवे असे काम शोधायचे झाले तर ते याहून निराळे कोणते असेल?

१२/ कायदा करणाऱ्यांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हंगामी कामगार आज जिनिंगवर, उद्या शेतात, परवा दुसऱ्या गावी. त्याची वर्गणी कोण कापणार, नोंद कोण ठेवणार, लाभ कोणत्या महिन्यात द्यायचा? १९४८ मध्ये, नुकत्या स्वतंत्र झालेल्या आणि फाळणीने हादरलेल्या देशात, हा प्रश्न खरोखर अवघड होता. तेवढ्या वर्षांपुरता हा बचाव मान्य करता येईल.

१३/ पण १९६९ मध्ये महाराष्ट्रानेच त्याचे उत्तर शोधून काढले. माथाडी कायद्याने रोज मालक बदलणाऱ्या हमालाला मंडळाकडे नोंदवले आणि व्यापाऱ्याने मजुरीबरोबर तिच्या ठरावीक प्रमाणात लेव्ही मंडळाकडे भरावी असे ठरवले. त्या पैशातून भविष्य निर्वाह निधी, रजा, वैद्यकीय मदत. १९७६ मध्ये केंद्राने विडी कामगारांसाठी उपकर लावला आणि त्यातून त्यांचे दवाखाने चालवले. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच : माणूस अस्थिर असला तरी माल कोणत्या ना कोणत्या दारातून जातोच, त्या दारात पैसा गोळा करा.

१४/ आणि वऱ्हाडात तर ते दार एकच होते, तेही सरकारच्या मालकीचे! १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. पुढील सुमारे तीन दशके राज्यातील कापसाचा जवळजवळ प्रत्येक क्विंटल सरकारी वहीत नोंदला जात होता. किती गाड्या आल्या, कोणत्या जिनिंगला गेल्या, किती गाठी झाल्या, सारे लिहिलेले. शेतकऱ्याच्या रकमेतून निरनिराळ्या निधींसाठी कपाती होत. किमतीतील चढउतारासाठी निधी होता, भांडवल उभारण्यासाठी निधी होता. क्विंटलमागे अल्प रक्कम बाजूला काढून कापूस पिकवणाऱ्याच्या, वेचणाऱ्या बाईच्या आणि जिनिंगवरच्या मजुराच्या आजारपणाचा निधी उभारणे प्रशासकीय दृष्ट्या यापेक्षा सोपे कधीच नव्हते. तो उभारला गेला नाही.

१५/ ‘नोंद ठेवता येत नाही’ हा युक्तिवाद येथे कोसळतो. सरकीचीसुद्धा नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला मजुराची नोंद जमली नसती, यावर विश्वास कसा ठेवावा?

१६/ कापूस एकाधिकार चालू असतानाच, १९८६ मध्ये, सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ बाजारात आणली. याच वर्षी प्राप्तिकर कायद्यात ८०-ड हे कलम आले : आरोग्यविम्याचा हप्ता भरा आणि करपात्र उत्पन्नातून तेवढी वजावट घ्या. ही सवलत म्हणजे हप्त्याचा काही भाग सरकारने उचलणेच होय. पण कोणाचा? जो प्राप्तिकर भरतो त्याचा. संग्रामपूरच्या शेतमजुराला किंवा चार एकर कोरडवाहू शेतकऱ्याला करच लागत नाही, म्हणून सवलतही नाही. मुंबईतील नोकरदाराच्या हप्त्याला सरकारी हातभार, लोणारच्या मजुराच्या हप्त्याला शून्य. अनुदान फक्त गरिबांना मिळते अशी तक्रार करणाऱ्यांनी हे कलम एकदा जरूर वाचावे.

१७/ १९९४ मध्ये सेवाकर आला तेव्हा ज्या पहिल्या तीन सेवांवर तो लागला, त्यांत सर्वसाधारण विमा होता. सुरुवातीचा दर ५ टक्के. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर तो १८ टक्क्यांवर गेला. व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून हटवला गेला. तोवर स्वतःच्या आजारपणाची तजवीज करणारा माणूस आठ वर्षे चैनीच्या कित्येक सेवांइतकाच कर भरत होता.

१८/ मधल्या काळात गरिबांसाठी योजनाही निघाल्या. २००३ ची सार्वत्रिक आरोग्य विमा योजना दिवसाला एक रुपया हप्ता आणि ३०,००० रुपयांचे संरक्षण अशी होती. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तिच्यातही कुटुंबामागे मर्यादा ३०,००० रुपयांचीच. पाच वर्षांत उपचार महागले, मर्यादा तेथेच.

१९/ महाराष्ट्राची वाट थोडी वेगळी आणि बरी. १९९७ ची जीवनदायी योजना, मग २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. त्या पहिल्या आठांत अमरावती होते, बुलढाणा नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोचली. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ दिला गेला. त्यांत बुलढाणा आहे. २०२३ मध्ये संरक्षण पाच लाखांवर नेऊन राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली करण्याचा निर्णय झाला. हृदयाच्या, कर्करोगाच्या शस्त्रक्रिया ज्यांनी शेत न विकता करून घेतल्या, त्यांच्या दृष्टीने ही योजना फार मोठी आहे. तिची थट्टा करणाऱ्याने त्या घरांत जाऊन यावे.

२०/ तरीही घराचा दवाखान्याचा खर्च का संपत नाही? कारण घर ज्या खर्चाने खचते, तो बहुतांशी रुग्णालयात भरती होण्याआधीचा आणि नंतरचा असतो. तालुक्याच्या डॉक्टरची फी, महिन्याची मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी, तपासण्या, जीपचे भाडे, सोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी. १९८६ च्या मेडिक्लेमपासून आजच्या कार्डापर्यंत जवळपास प्रत्येक रचना ‘भरती’ या एका शब्दाभोवती फिरते. भरती नाही तर विमा नाही.

२१/ याचे सर्वांत कठोर उदाहरण जिल्ह्याच्या उत्तरेला आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतून जातो. येथील भूजल क्षारयुक्त. मूत्रपिंडाचे आजार येथील गावांनी पिढ्यांपासून पाहिले आहेत आणि पाण्याशी असलेला त्यांचा संबंध गावकरी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. डायलिसिस शासकीय योजनेत बसते. पण ते आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा करावे लागते, आणि आयुष्यभर. प्रत्येक खेपेला रुग्णाचा दिवस जातो आणि सोबत्याचाही. एक कमावता माणूस आजारी आणि दुसरा त्याला ने-आण करणारा : घराच्या दोन्ही मजुऱ्या बुडाल्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई देणारा भारतातील मोठा विमा एकच आहे, १९४८ चा. जिनिंगच्या मजुराला व्याख्येने वगळले, आणि शेतमजूर तर त्याच्या विचारातच नव्हता.

२२/ येथे थोडे विषयांतर. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा देशभरातील वाहिन्या आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके तेथे धावली. ते योग्यच झाले. पण त्याच परिसरातील मूत्रपिंडाच्या रुग्णांना असे कॅमेरे क्वचितच लाभले. टक्कल दिसते, निकामी मूत्रपिंड दिसत नाही.

२३/ आता आकडे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भारतात खासगी रुग्णालयातील एका भरतीचा सरासरी खर्च २७,३४७ रुपये होता. सरकारी रुग्णालयात तो ४,२९० रुपये. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,३२० रुपये होता. म्हणजे एका खासगी भरतीला सहा क्विंटलांहून अधिक कापूस लागे, आणि कोरडवाहू शेतात एका एकराला तेवढा क्वचितच निघतो. शिवाय २०१७ हे बोंडअळीचे वर्ष होते. सरकारी रुग्णालयात तीच भरती एका क्विंटलात भागत होती. विम्याविषयीच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा ही तुलना अधिक सांगते : घराचा खर्च सर्वांत जास्त कमी करणारी गोष्ट म्हणजे जवळचे, चालू स्थितीतील सरकारी रुग्णालय.

२४/ आणि ते जवळ नव्हते. गंभीर रुग्णाला अकोला, औरंगाबाद किंवा नागपूर गाठावे लागे. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये झाले, अकोल्याला २००२ मध्ये. बुलढाण्याला ते २०२४ साली मिळाले; लॉर्ड मेयोच्या आगगाडीनंतर १५४ वर्षांनी.

२५/ पैसा नसला की माणूस कर्ज काढतो, आणि मग त्याच्या कर्जाची चिकित्सा सुरू होते. शेतकरी लग्नात उधळतो, हा आरोप जुनाच. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील १८७५ च्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या इंग्रजी आयोगानेसुद्धा लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले जाते असे नोंदवले होते. २००५-०६ मध्ये विदर्भातील आत्महत्यांचा अभ्यास झाला तेव्हा पीकबुडी आणि कर्ज यांच्याबरोबर घरातील आजारपणही पुढे आले. तरी उधळपट्टीचा आरोप जिवंत आहे, दवाखान्याचा खर्च मात्र वादात येत नाही. त्यातच २०१२ मध्ये परवान्याच्या प्रश्नावरून बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे व्यवहार अडकले. ज्यांची कर्जाची सरळ वाट बंद झाली, त्यांना सोने गहाण ठेवणे किंवा सावकाराचे दार एवढेच उरले.

२६/ ‘महत्त्व कळत नाही’ या आरोपाला अखेरचे उत्तर पीकविम्याने दिले. २०२३ मध्ये राज्याने एका रुपयात पीकविमा दिला तेव्हा अर्जांचा पूर आला. त्यांत बोगस अर्जही निघाले, हे खरे. पण ज्याला विमा कळत नाही असे म्हणतात, तोच शेतकरी सातबारा घेऊन रांगेत उभा होता. हप्ता परवडला की ‘साक्षरता’ एका रात्रीत येते.

२७/ राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. पण सरकारचा खर्च त्या वर्षी सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के गाठण्याचे ठरवले होते. भोर समितीने ज्या पैशावर भिस्त ठेवली, तो करांतून येणारा पैसा अजून वाटेतच आहे.

२८/ राहता राहिली ती रेघ. १९४८ चा कायदा आता इतिहासजमा झाला असून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. असंघटित, फिरते, ॲपवरून काम करणारे अशा सर्वांचा उल्लेख करणारी ही आधुनिक संहिता आहे. तिच्या राज्य विम्याच्या प्रकरणातून मात्र हंगामी कारखाने आजही वगळलेले आहेत, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिले नाव पुन्हा तेच : कापसाचे जिनिंग. नीळसुद्धा यादीत तशीच आहे, जिचा मळा आज पाहायला मिळणे कठीण. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. खामगावच्या बाजारात तेव्हा नव्या कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि जिनिंगचा हंगाम सुरू झाला होता.